कठड्याने वाकलेच पाहिजे

वणीहून वरोऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर २०२३ साली बांबूचा कठडा उभा राहिला. लांबी २०० मीटर. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एवढे अंतर नऊ सेकंदांत मागे टाकते. तरीही या नऊ सेकंदांच्या कठड्याची चर्चा थेट दिल्लीपर्यंत झाली. केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी त्या वर्षी मार्चमध्ये ‘जगातील पहिला बांबूचा क्रॅश बॅरिअर’ म्हणून त्याची घोषणा केली. त्याला ‘बाहु बल्ली’ असे नावही मिळाले.

बांबूसा बाल्कोआ या जाड भिंतीच्या बांबूवर क्रिओसोट तेलाची प्रक्रिया करायची आणि त्यावर पुनर्वापर केलेल्या एचडीपीई प्लास्टिकचा लेप चढवायचा, अशी या कठड्याची घडण आहे. इंदूरजवळच्या पिथमपूर येथील ‘नॅट्रॅक्स’ या वाहनचाचणी केंद्रासह सरकारी संस्थांमध्ये त्याच्या चाचण्या झाल्या. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत आगीच्या चाचणीत त्याला पहिला वर्ग मिळाला. इंडियन रोड काँग्रेसनेही त्याला मान्यता दिल्याचे घोषणेत नमूद होते.

बातमी वाचून अनेकांच्या मनात एकच प्रश्न आला असेल. उकणी, कोलारपिंपरी, निलजईच्या खाणींतून कोळशाचे दहाचाकी ट्रक ज्या भागात रात्रंदिवस धावतात, तिथे लोखंडाऐवजी बांबू? तो धडक सोसणार कसा? लोखंडापेक्षा बांबू मजबूत असतो का?

प्रश्न रास्त आहे, पण तो कठड्याच्या बाजूने विचारलेला आहे. डॉक्टरांना तो गाडीत बसलेल्या माणसाच्या बाजूने विचारावा लागतो. गाडी कठड्यावर आदळली, कठडा जसाच्या तसा उभा राहिला, पण आतल्या माणसाचे यकृत फाटले, तर तो कठडा मजबूत म्हणायचा का?

टक्कर एक, धडका तीन

रस्त्यावर आपल्याला एकच टक्कर दिसते. प्रत्यक्षात धडका तीन होतात. पहिली, गाडी समोरच्या वस्तूवर आदळते तेव्हा. दुसरी, गाडी थांबली तरी आतला माणूस पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊन स्टिअरिंगवर, काचेवर किंवा पुढच्या आसनावर आदळतो तेव्हा. तिसरी कुणालाच दिसत नाही. माणसाचे शरीर थांबते, पण शरीराच्या आतले अवयव अजून पुढे चाललेले असतात.

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नाही, तो द्रवात तरंगतो. डोके अचानक थांबले की तो पुढच्या हाडावर आपटतो, मग उलट फिरून मागच्या बाजूला आपटतो. डोके गर्रकन वळले तर मेंदूतले बारीक मज्जातंतू ताणले जाऊन तुटतात. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचा कमानीकडचा भाग हलता आणि पाठीच्या कण्यालगतचा भाग पक्का असतो. झटका मोठा असेल तर या दोन भागांच्या सांध्यावर ती फाटते. यकृत आणि प्लीहा रक्ताने भरलेले मऊ अवयव आहेत. अनेकदा त्वचेवर साधे खरचटलेलेही नसते, पण पोटात रक्त साचत असते.

म्हणून अपघातग्रस्ताला तपासताना डॉक्टर आधी विचारतात, ‘गाडी कशावर आदळली? वेग किती होता? पट्टा लावला होता का? हेल्मेट होते का?’ हे प्रश्न पोलीस तपासासाठी नसतात. तिसऱ्या धडकेत काय झाले असेल, याचा अंदाज त्यांच्या उत्तरांवरून बांधता येतो.

थांबायला जागा किती मिळाली?

ताशी ५० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, साधारण तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडण्यासारखे आहे. ताशी ८० चा वेग असेल तर ही उंची २५ मीटर होते. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. हे गणित शाळेत सगळेच शिकतात आणि ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताना विसरतात.

दहा मीटरवरून पडणारा प्रत्येक जण दगावत नाही. कुणी फरशीवर पडतो, कुणी कडब्याच्या गंजीवर. पडण्याचा वेग दोघांचा सारखाच, फरक असतो तो थांबायला मिळालेल्या अंतराचा. ताशी ५० च्या वेगातला माणूस दहा सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे शंभरपट जोर पडतो. तोच एक मीटरमध्ये थांबला तर दहापट. अंतर दहापट मिळाले की जोर दहाव्या हिश्शावर येतो. अपघातातील सुरक्षेचे सारे शास्त्र या एका वाक्यात मावते.

जॉन स्टॅप या अमेरिकी हवाई दलातील डॉक्टरने हे स्वतःच्या शरीरावर तपासले. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोत रुळांवर धावणाऱ्या रॉकेटच्या गाड्यावर ते स्वतःला पट्ट्यांनी बांधून बसले. गाड्याने ताशी हजार किलोमीटरहून अधिक वेग घेतला आणि १.४ सेकंदांत तो थांबवण्यात आला. गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट जोर त्यांच्यावर आला. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेनासे झाले, पण ते वाचले आणि बरे झाले. पुढे त्यांनी मोटारींमध्ये सीटबेल्ट यावेत म्हणून चिकाटीने प्रचार केला. माणसाचे शरीर बराच जोर सोसू शकते. अट एवढीच, की तो जोर शरीरभर वाटला गेला पाहिजे आणि थांबायला वेळ मिळाला पाहिजे.

‘मोडेन पण वाकणार नाही’ हा बाणा माणसाला शोभतो, रस्त्याच्या कठड्याला नाही. कठड्याने वाकलेच पाहिजे. तो जेवढा वाकेल तेवढे अंतर आतल्या माणसाला थांबण्यासाठी मिळते. मात्र गाडी पलीकडच्या खड्ड्यात, नदीत किंवा समोरून येणाऱ्या वाहनांत जाईल इतकेही त्याने वाकता कामा नये.

कठड्याचे काम अडवण्याचे नाही, वळवण्याचे

झाड आणि कठडा यांच्यात मोठा फरक आहे. झाडावर गाडी समोरासमोर आदळते आणि सगळी ऊर्जा तिथेच संपते. कठडा रस्त्याला समांतर असल्यामुळे गाडी त्यावर तिरकी येते. समजा, एक गाडी ताशी ८० वेगाने २० अंशांच्या कोनात कठड्यावर आली. कठड्याच्या दिशेने तिचा वेग ताशी २७ किलोमीटरच असतो. ऊर्जेचा विचार केला तर कठड्याला एकूण ऊर्जेच्या आठव्या हिश्शाहूनही थोडी कमी ऊर्जा पचवावी लागते. बाकीची गाडीच्या पुढे जाण्यात शिल्लक राहते आणि गाडी कठड्याला घासत हळूहळू थांबते. युरोपातल्या मानक चाचणीत ९०० किलोची छोटी कार ताशी १०० च्या वेगाने याच २० अंशांत कठड्यावर सोडतात. कठडा तुटला का एवढेच तिथे पाहिले जात नाही. गाडीतील माणसाला किती झटका बसला असता, हेही मोजले जाते.

काँक्रीटचा कठडा जवळजवळ वाकत नाही. दाबाला तो पक्का असतो. खालचा भाग उतरता असेल तर चाक त्यावर किंचित चढते आणि गाडी वळते. अरुंद दुभाजकावर, जिथे वाकायला जागाच नाही, तिथे तो योग्य ठरतो. पण गाडी मोठ्या कोनात आली तर झटका थेट माणसाला बसतो. लोखंडी पत्र्याचा नागमोडी कठडा दबतो, ताणला जातो, त्याचे खांब कलतात आणि या मोडतोडीत ऊर्जा खर्च होते. लोखंडाचा गुण त्याच्या कडकपणात नाही, तर न तुटता वाकण्यात आहे.

जोडीचे बळ

एकच पदार्थ सगळी कामे करू शकत नाही, हे आपल्या खेड्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वणी परिसरातली कुडाची भिंत आठवा. नुसत्या मातीची पातळ भिंत तडकते, नुसत्या तुराट्या वाऱ्याने हलतात. तुराट्या किंवा बांबूच्या कामट्या विणून त्यावर माती-शेणाचा लेप दिला की दोन्ही मिळून भिंत उभी राहते. आजच्या भाषेत हा संमिश्र फलकच आहे. सिमेंट काँक्रीट ताणाला कच्चे असते. दाबाच्या मानाने ते जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा ताण सोसते. म्हणून त्यात लोखंडी सळ्या घालतात.

या कल्पनेचे पुढचे पाऊल म्हणजे दोन पोलादी पत्रे आणि मध्ये काँक्रीट असा फलक. साध्या काँक्रीटच्या भिंतीवर जबर आघात झाला की तिच्या मागच्या बाजूने ढलपे उडतात आणि आतल्या माणसांना लागतात. पोलाद-काँक्रीटच्या फलकात मधले काँक्रीट चुरडून ऊर्जा खाते, तर मागचा पत्रा ताणला जाऊन ढलपे धरून ठेवतो. अमेरिकी बनावटीच्या एपी-१००० अणुभट्टीच्या बाहेरच्या संरक्षक इमारतीसाठी असे फलक वापरले गेले. पण पत्रे आणि काँक्रीट यांना एकत्र धरणारे खिळे किंवा दांडे सुटले, तर पत्रा एकीकडे आणि काँक्रीट दुसरीकडे होते. जोड सुटला की जोडीचे बळ संपले.

निसर्गाने हीच रचना आपल्या डोक्यावर ठेवली आहे. कवटीच्या वरच्या भागाचे हाड म्हणजे दोन घट्ट थर आणि त्यांच्यामध्ये जाळीदार, सच्छिद्र गाभा. हाड स्वतःसुद्धा संमिश्र आहे. कॅल्शियमचे क्षार त्याला कडकपणा देतात आणि कोलॅजनचे धागे चिवटपणा. क्षार नसते तर हाड रबरासारखे वाकले असते, धागे नसते तर खडूसारखे मोडले असते.

बांबू याच कुळातला. बुरूड कामट्या काढतो तेव्हा त्याला अनुभवाने ठाऊक असते की बांबूची बाहेरची हिरवी बाजू सर्वांत चिवट. कारण धागे तिथे दाट असतात आणि आतल्या बाजूला विरळ होत जातात. पोकळ नळीमुळे वजन कमी राहते. ठरावीक अंतरावरची पेरे नळीला चपटी होऊ देत नाहीत आणि उभी चीर पुढे सरकण्याला अडथळा करतात. धडक बसली की बांबू उभा चिरतो, धागे एकमेकांपासून सुटतात आणि त्या सुटण्यात ऊर्जा खर्च होते. तो काचेसारखा एका क्षणात फुटत नाही.

बांबूचे शत्रू मात्र पुष्कळ. पाणी, बुरशी, वाळवी, कीड आणि ऊन. म्हणून क्रिओसोट, जे एकेकाळी रेल्वेच्या लाकडी स्लीपरांना लावत, आणि वरून प्लास्टिकचा लेप. कठड्याचे आयुष्य संपल्यावर बांबूच्या ५० ते ७० टक्के साहित्याचा पुनर्वापर होऊ शकतो, तर लोखंडाच्या बाबतीत हे प्रमाण ३० ते ५० टक्के आहे, असा हिशेब घोषणेच्या वेळी मांडण्यात आला होता.

कठडा कुठे कमी पडतो

वणीच्या रस्त्यांचा विचार केल्यावर तीन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत.

पहिली, कोळशाचा ट्रक. तीन आसांच्या दहाचाकी ट्रकचे भरलेल्या अवस्थेतील कायदेशीर वजन २८.५ टन आहे. तो ताशी ४० ने चालला असेल, तरी त्याची ऊर्जा ताशी ८० ने जाणाऱ्या एक टन वजनाच्या कारच्या सातपट असते. त्यात त्याचा भार उंचावर, म्हणून तो कठड्यावरून पलीकडे कलंडू शकतो. कारसाठी तपासलेला कठडा ट्रक अडवेलच असे नाही, मग तो बांबूचा असो की लोखंडाचा. जड वाहनांसाठीचे कठडे वेगळे असतात. युरोपात त्यांची चाचणी १३ टनांची बस ताशी ७० ने आदळवून होते. वळण, पुलाचे तोंड, नदीचा काठ अशा जागी कोणता कठडा हवा, हे तिथून जाणाऱ्या वाहनांवरून ठरायला हवे.

दुसरी, कठड्याचे टोक. कठडा कुठेतरी सुरू होतो आणि तिथे तो रस्त्याला समांतर राहत नाही, समोर उभा ठाकतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी पुलाच्या काँक्रीटच्या कठड्यावर आदळली. मागच्या आसनावरील दोघे दगावले. त्यांनी पट्टे लावले नव्हते, असे तपासात पुढे आले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. गाडी महागडी होती, सुरक्षेच्या सोयी होत्या. पण समोर न वाकणारे काँक्रीट होते आणि माणूस आसनाला बांधलेला नव्हता.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट, दुचाकी. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. कठड्याची रचना चारचाकीचा विचार करून झालेली असते. घसरत आलेल्या दुचाकीस्वारासाठी आडव्या पट्टीखालचे उघडे खांबच घातक ठरतात. हात, पाय, मान थेट खांबावर आदळते. स्पेनसारख्या देशांत वळणांवरच्या कठड्यांना खालच्या बाजूला आणखी एक पट्टी लावतात, म्हणजे घसरलेला माणूस खांबापर्यंत पोहोचत नाही. आपल्याकडे नव्या साहित्याचा कठडा घडवताना ही खालची पट्टीही घडवली, तर गावोगावच्या दुचाकीस्वारांचे हातपाय वाचतील.

तोवर दुचाकीस्वाराचा वाकणारा कठडा त्याच्या डोक्यावरच असतो. हेल्मेटचे बाहेरचे कवच आघात पसरवते आणि आतला थर्माकोलसारखा फोम चेपून मेंदूला थांबायला दोन-तीन सेंटिमीटर देतो. जीव वाचतो तो त्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. अट एकच, हनुवटीखालचा पट्टा बांधलेला हवा. फोम एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही. म्हणून मोठ्या धडकेनंतर वरून चांगले दिसणारे हेल्मेटही बदलावे.

अपघातानंतरचा पहिला तास

वणीहून चंद्रपूरचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय त्यातल्या त्यात जवळ. यवतमाळ आणि नागपूर शंभराहून अधिक किलोमीटरवर. म्हणून रस्त्यावरची पहिली काही मिनिटे आणि वणीतले प्राथमिक उपचार फार मोलाचे.

१०८ ला फोन करावा. जखमीला ओढून, दुमडून जीपमध्ये घालू नये. मान आणि पाठ सरळ एका रेषेत ठेवून तीन-चार जणांनी उचलावे. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाने घट्ट दाब धरावा. पाणी किंवा चहा पाजू नये, कारण शस्त्रक्रिया लागू शकते आणि बेशुद्धीत ते श्वासनलिकेत जाते. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढण्याची घाई नको. काढावेच लागले तर एकाने मान धरावी, दुसऱ्याने ते हळूहळू काढावे. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा कोर्टाची भीती बाळगण्याचे कारण नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने त्याला संरक्षण दिले आहे.

‘मला काही झाले नाही’ म्हणून उठून घरी गेलेल्या माणसावर पुढचे २४ तास लक्ष ठेवावे. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, झोपेतून जागे न होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे ही मेंदूत रक्त साचल्याची चिन्हे असू शकतात. पोट दुखणे किंवा फुगणे, डाव्या खांद्याच्या टोकाशी दुखणे, लघवीतून रक्त, थंड घाम, फिकट चेहरा ही पोटातल्या रक्तस्रावाची. पोटावर किंवा छातीवर सीटबेल्टचा काळानिळा पट्टा उमटला असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून दाखवावा. पट्ट्याने जीव वाचवला, पण आत किती जोर गेला तेही तो सांगतो.

वाकलेला कठडा दिसला तर

धडक खाल्लेला कठडा हा वापरून झालेल्या हेल्मेटसारखा असतो. त्याची ऊर्जा खाण्याची ताकद त्या जागी संपलेली असते. लोखंडाचा पत्रा दबला असेल, बांबू चिरला असेल, काँक्रीटला आरपार तडा गेला असेल, तर पुढची गाडी तिथेच आली की तो काम करेलच याची खात्री नाही. बांबूच्या बाबतीत आणखी एक, लेप खरवडला गेला की पाणी आत शिरते. म्हणून कठडा बसवण्याच्या खर्चाइतकीच त्याच्या देखभालीची तरतूद महत्त्वाची. राष्ट्रीय महामार्गावर तुटलेला कठडा दिसला तर १०३३ या क्रमांकावर कळवता येते.

आणि एक शेवटची सूचना, साधी पण घरोघरी लागू पडणारी. तुटलेल्या कठड्याचे बांबूचे तुकडे सरपणाला आणू नयेत. क्रिओसोट कोळशाच्या डांबरापासून बनते. ते त्वचेची आग करते, आणि कर्करोगाला कारणीभूत ठरण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत त्याची गणना होते. त्यावर प्लास्टिकचा लेप. चुलीत घातल्यावर त्याचा धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या लेकराच्या छातीत जाईल. रस्त्यावर जीव वाचवायला लावलेला बांबू रस्त्याच्या देखभाल करणाऱ्यांकडेच परत गेला पाहिजे.